विद्यार्थी शब्दाला घरे किती?

गेल्या वर्षी खंडेनवमीला आमच्या घरी एक लहानसा पेच उभा राहिला. या दिवशी घरातली सारी हत्यारे पुसूनपासून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावून फूल वाहायचे, हा आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता आहे. विळी, अडकित्ता, हातोडी, पक्कड, आईचे शिवणाचे यंत्र, अशी सारी मंडळी वर्षातून एकदा मानाने बसतात. माझ्यातर्फे एक पेन असते. मराठीच्या प्राध्यापकाजवळ दुसरे हत्यार असणार तरी कोणते! या मंडळीत गेल्या वर्षी एकाची भर पडली. माझी भाची नोकरीनिमित्त आमच्याकडे राहते. हिंजवडीच्या एका कंपनीत ती मोबाइल फोनवरची ॲप तयार करते. आई तिला म्हणाली, "तुझीही हत्यारं आण गं." भाचीने आपला लॅपटॉप आणून पाटावर ठेवला.

आईने त्याच्यावरून हात फिरवला. "ही तर पेटी झाली," ती म्हणाली. "सुताराची पेटी कोणी झाकण लावून पुजत नाही. करवत, रंधा, पटाशी बाहेर काढून मांडतात. तुझी आतली हत्यारं कुठं आहेत?"

"आजी, माझी हत्यारं दिसत नाहीत."

"मग काही हरकत नाही. हल्ली मला दिसणारी तरी कुठं दिसतात?"

आई हे हसत हसतच म्हणाली; पण मला आणि भाचीला हसू आले नाही. ते का, हे वाचकांना सांगायला हवे.

माझी आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. सकाळचा चहा झाला की वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवायचे, हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. कोडे पुरे झाल्याशिवाय ती अंघोळीला उठत नसे. कुठे अडले की माझ्या खोलीकडे हाक येई, "अरे, तीन अक्षरी, शेवटी 'र', म्हणजे हत्ती!" मी दाढी करता करता "कुंजर" म्हणून ओरडत असे. कॉलेजात मी मुलांची परीक्षा घेतो; घरात माझी परीक्षा रोज होत असे, आणि ती नापास होण्याजोगी अवघडही असे.

दोनएक वर्षांपूर्वी एका सकाळी ती म्हणाली, "हल्ली कोडं नीट छापत नाहीत. रेघा वाकड्या येतात." मी पाहिले, तर रेघा सरळ होत्या. दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिच्या हातात एक कागद दिला. त्यावर बारीक चौकटीच चौकटी, आणि मधोमध एक ठिपका. ॲम्स्लर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने हा तक्ता ओळखला जातो. ज्याच्या दृष्टिपटलाचा मधला भाग बिघडला असेल, त्याला त्यातल्या रेघा वाकलेल्या किंवा पुसट झालेल्या दिसतात. आईने तो कागद खालीवर करून पाहिला आणि डॉक्टरांना विचारले, "हे कसलं हो कोडं? यात काळी घरंच नाहीत."

निदान झाले. वयोमानाने दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतो आहे. कडेचे दिसत राहील, समोरचे पुसट होत जाईल. अक्षर मोठे आणि ठळक असेल तर वाचता येईल. वर्तमानपत्रातल्या कोड्याच्या घरात करंगळीचे टोकही मावत नाही. आईचे कोडे थांबले. ती तक्रार करणारी बाई नव्हे. चहा झाला की वर्तमानपत्राची घडी न मोडता ती ते मांडीवर घेऊन बसे, आणि माझी दाढी मुकाट्याने होऊ लागली.

खंडेनवमीच्या त्या रात्री भाची माझ्या खोलीत आली. म्हणाली, "मामा, दिवसभर मी लोकांची ॲप करते. आजीला एक कोडं करून देते. फोनवर. हवं तेवढं मोठं."

मी मध्यमवर्गीय माणूस. माझा पहिला प्रश्न खर्चाचा. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी छापखाना काढला होता. यंत्र, खिळे आणि कागद यांच्यापायी त्यांच्या पत्नीच्या पाटल्या गेल्या, हे मी विसरलेलो नाही. म्हणून मी विचारले, "या तुझ्या हत्यारांना किती पडतात?"

"काही नाही. लॅपटॉप आहेच. बाकीची हत्यारं फुकट आहेत. ॲप गुगलच्या दुकानात मांडायचं झालं तर नावनोंदणीचे २५ डॉलर, तेही एकदाच."

आयफोनचे दुकान वेगळे आहे. तिथे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, आणि एक्सकोड हे तिथले मुख्य हत्यार फुकट असले तरी ते ॲपलच्याच संगणकावर चालते. आईचा फोन अँड्रॉइडचा, म्हणजे माझाच सात-आठ वर्षे वापरून झालेला, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. पण 'फुकट' हा शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "तुझी पेटी उघड. एकेक हत्यार बाहेर काढून दाखव."

पहिले निघाले अँड्रॉइड स्टुडिओ. गुगलने ते २०१३ साली जाहीर केले आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली. सुताराचा ठोकळा, शेगडा आणि हत्यारांची भिंत एकत्र केली तर जे होईल, तसे हे प्रकरण आहे. डावीकडे फायली, मध्ये लिहायची जागा, उजवीकडे आपण लिहिले ते फोनवर कसे दिसेल त्याचे चित्र. लिहायची ती कोट्लिन नावाच्या भाषेत. हे नाव सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचे. त्याआधी ही कामे जावा भाषेत होत. तिचे नाव कॉफीवरून पडलेले, पण ती कॉफीही बेटाचीच! २०१७ साली गुगलने कोट्लिनला अधिकृत मान्यता दिली. भाषेचा मास्तर म्हणून मी तिचे व्याकरण न्याहाळून पाहिले. ऱ्हस्वदीर्घाची चूक आपल्या विद्यार्थ्यांना माफ असते, इथे नसते. एक कंस राहिला की तांबडी रेघ उमटते आणि गाडी जागची हलत नाही.

दुसरे हत्यार एम्युलेटर. हा फोनाचा बहुरूपी. संगणकाच्या पडद्यावरच एक फोन उभा राहतो. त्याला छोटा म्हणावे तर छोटा, जुना म्हणावे तर जुना होतो. आपण लिहिलेले ॲप आधी त्याच्यावर चालवून पाहायचे. नाटकाची रंगीत तालीम म्हणतात तीच ही. तिसरे डिबगर. चालत्या ॲपला नेमक्या ओळीवर थांबवायचे आणि त्याच्या मुठीत त्या क्षणी काय आहे ते उघडून पाहायचे. चौथे गिट. ही कीर्दवही. कोणत्या दिवशी कोणती ओळ कोणी आणि का बदलली, याची नोंद तीत राहते, आणि आज बिघडले तर कालच्या पानावर परत जाता येते. लिनक्स या प्रणालीवर जगभरचे लोक मिळून काम करत. त्यांची वहीखाती सांभाळण्यासाठी लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ साली हे हत्यार घडवले आणि ते सर्वांना खुले केले.

"आणि हे सगळे लोक हे फुकट का देतात?" मी विचारले.

भाचीने सरळ उत्तर दिले. गुगलचे कारण व्यवहाराचे आहे. बाजार भरवणाऱ्याने ओटे फुकट दिले तर बाजार लवकर भरतो. ॲप विकले गेले की दुकान आपली दलाली घेतेच. पण पेटीतली पुष्कळ हत्यारे अशी आहेत की ती देणाऱ्याला तुमच्याकडून दमडी मिळायची नसते. त्यांच्यासोबत फक्त एक परवाना येतो. एमआयटी किंवा अपाची या नावाचे परवाने म्हणतात, वापर, बदल, विकही. पण माझे नाव आणि हा परवाना पुसू नकोस. जीपीएल नावाचा परवाना आणखी एक अट घालतो. तू सुधारून दुसऱ्याला दिलेस, तर तुझी सुधारणाही अशीच उघडी ठेव. मला आमचे संतकवी आठवले. त्यांनी मानधन मागितले नाही. पण शेवटच्या चरणात नाममुद्रा ठेवली, आणि ती पुसण्याची कोणाची छाती झाली नाही.

टंकही असाच मिळाला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडवलेला 'मुक्त' नावाचा देवनागरी टंक खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. भाचीने तो घेतला, कारण त्याचे अक्षर मोकळे आणि ठळक आहे. शब्दांचा साठा हवा, तर मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने सर्वांना पाहण्यासाठी संगणकावर ठेवली आहे. जे काम मोल्सवर्थ, कँडी बंधू आणि त्यांच्या पदरचे शास्त्री यांनी बोरूने केले, ते पुण्याच्या एका मुलीला तिच्या आजीच्या कोड्यासाठी बसल्या जागी हाती आले. माझी शंका फिटली आणि मी थोडा खजीलही झालो. सूचक वाक्ये तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले. वर्तमानपत्रातली जुनी कोडी उचलावीत असा एक मोह झाला होता. पण ती दुसऱ्याच्या कष्टाची, आणि त्यांच्यावर असा कोणताही परवाना नव्हता.

महिन्याभरात पहिला खर्डा तयार झाला. काळी पार्श्वभूमी, पांढरे जाड अक्षर. अक्षराचा आकार ठरवताना भाचीने एक चांगली गोष्ट केली. फोनच्या सेटिंगमध्ये माणसाने अक्षर मोठे केले की ॲपमधलेही मोठे व्हावे, अशा मापात तिने ते लिहिले. बोट टेकण्याची जागा निदान नऊ मिलिमीटरची असावी, असा अँड्रॉइडचा संकेत आहे. हे नीट झाले की नाही ते तपासण्याचेही एक फुकट हत्यार आहे. ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर म्हणतात त्याला. जिथे अक्षर फिके किंवा बटण बारीक, तिथे तो खूण करतो. शिवाय टॉकबॅक आहे. तो पडद्यावर जे आहे ते वाचून दाखवतो, मात्र प्रत्येक बटणाला बनवणाऱ्याने नाव दिलेले असले पाहिजे. अनेक बनवणारे ते देत नाहीत, असे भाची म्हणाली, आणि अशा ॲपमध्ये आंधळ्या माणसाला नुसते 'बटण, बटण, बटण' ऐकू येते.

शुभारंभाचा शब्द मी द्यावा असे ठरले. मी धंद्याला जागून 'विद्यार्थी' हा शब्द दिला. भाचीने कळ दाबली. पडद्यावर दहा घरे उमटली!

पहिल्या घरात 'व'. दुसऱ्यात नुसती वेलांटी, ठिपक्यांच्या एका वर्तुळाला धरून उभी. मग 'द', मग पाय मोडल्याची खूण, मग 'य', मग एकटा काना... आई जवळच होती. तिने फोन डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, "या शब्दाचा अपघात झालाय का?"

शब्दाची घरे पाडण्याची ती ओळ भाचीने लिहिली नव्हती. आता साध्या बोलीत सांगितले की स्वतःच ओळी लिहून देणारे यांत्रिक सहायकही या पेटीत आले आहेत. तशा एकाने ती अर्ध्या मिनिटात, मोठ्या आत्मविश्वासाने लिहून दिली होती. पण त्याला तरी नावे का ठेवा? संगणक मोजतो ते संकेतांक. १९९१ साली युनिकोड नावाचे जागतिक कोष्टक निघाले आणि त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक मिळाला. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. आपल्या देशात १९८८ साली ठरलेल्या इस्की या प्रमाणाचा आधार घेऊन त्या भरल्या गेल्या. त्यात 'द' ला एक जागा, 'य' ला एक, कान्याला एक, वेलांटीला एक आणि पाय मोडण्याला एक. जोडाक्षराला जागाच नाही. ते या सुट्या भागांतून जुळवायचे. योजना काटकसरीची आहे आणि शहाणपणाचीही, नाहीतर शेकडो जोडाक्षरांना जागा पुरवाव्या लागल्या असत्या. त्या हिशेबाने 'विद्यार्थी' या शब्दाचे भाग दहा.

मी म्हणालो, "अगं, आम्ही वर्गात शिकवतो की या शब्दात वर्ण आठ आणि अक्षरं तीन. व्, इ, द्, य्, आ, र्, थ्, ई हे आठ वर्ण. वि, द्या, र्थी ही तीन अक्षरं. दहा कुठून आणलेस?"

भाचीने मग नेमके हत्यार काढले. माणूस ज्याला एक अक्षर समजतो त्याच्या सीमा दाखवणारे 'ब्रेक इटरेटर' नावाचे एक साधन अँड्रॉइडमध्येच असते. ते बसवले आणि तिच्या नव्या कोऱ्या फोनवर घरे पडली तीन. आम्ही खूश झालो. मग तेच ॲप आईच्या जुन्या फोनवर घातले. तिथे घरे पडली पाच! वि, द्, या, र्, थी.

एक शब्द, एक ॲप, एकच हत्यार. आणि एका फोनवर तीन घरे, दुसऱ्यावर पाच. भाचीने दोन रात्री शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. अक्षराच्या सीमांचे नियमही युनिकोडच ठरवते आणि ते नियम फोनच्या प्रणालीबरोबर येतात. पूर्वीच्या नियमाप्रमाणे पाय मोडला की तिथे अक्षर संपे. देवनागरीसारख्या लिप्यांत पाय मोडलेले व्यंजन पुढच्या व्यंजनाशी जोडून एकच अक्षर धरावे, हा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, आणि ती आवृत्ती निघाली २०२३ साली.

मी ते साल दोनदा विचारून घेतले. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे, हे आपल्याकडे शतकानुशतके मोजले जाते. 'विद्यार्थी' या शब्दात अक्षरे तीन आणि तीनही गुरू, यावर मी दरवर्षी वर्गात एक विनोद करतो आणि मुले दरवर्षी उपकार म्हणून हसतात. एवढी साधी गोष्ट यंत्राला २०२३ साली कळली. मला वाटले, यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. कुणीतरी बसून ते नियमाच्या भाषेत लिहून द्यायला हवे होते. ज्यांनी दिले त्यांचे उपकारच आहेत. पण ज्यांची लिपी आणि ज्यांचा रोजचा धंदा अक्षरे मोजण्याचा, असे माझ्यासारखे लोक तोवर काय करत होते? आम्ही मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद घेत होतो.

"जुन्या फोनवर अवलंबून राहून चालणार नाही," भाची म्हणाली. "नियम आपणच ॲपमध्ये लिहू. मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते."

आयुष्यात प्रथमच माझे व्याकरण कोणी अशा तातडीने मागत होते. मी सांगू लागलो. व्यंजनाला लागलेला काना, मात्रा, वेलांटी, उकार त्याच्याच घरात. अनुस्वार, विसर्ग आणि चंद्रबिंदू ज्याच्यावर आहेत त्याच्याच घरात. पाय मोडलेल्या व्यंजनापुढे व्यंजन आले की दोघांचे घर एक, मग तिसरे जोडले तरी एकच. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला असेल तर त्याला स्वतंत्र घर. मध्येच आई म्हणे, "षट्कारला तीन घरं हं. टचा पाय दिसला म्हणून वेगळा मोजू नका." मग 'वाङ्मय' आले; त्यालाही तीनच. भाचीच्या वीसएक ओळी झाल्या. मग तिने माझ्याकडून साठ शब्द आणि त्यांच्या घरांची संख्या लिहून घेतली आणि त्यांची एक चाचणी बांधली. आता ॲपमध्ये काहीही बदल केला की यंत्र पहिल्यांदा त्या साठ शब्दांची परीक्षा घेते आणि एक जरी चुकला तरी पुढे जाऊ देत नाही. दोन सेकंदांत साठ उत्तरे तपासून होतात. आमच्या परीक्षाविभागाला हे दाखवावे असे मनात आले, पण मी ते मनातच ठेवले.

आता ॲप दुकानात मांडायचे. आजीपुरते ते असेही तिच्या फोनवर बसले असते. पण तिच्यासारख्या आणखी किती आज्या कोडे मांडीवर घेऊन बसल्या असतील, असे भाचीला वाटले. तिथे एक अट निघाली. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडणाऱ्याने आपले ॲप आधी ठरावीक माणसांना वापरायला द्यायचे. पूर्वी वीस माणसे लागत. डिसेंबर २०२४ पासून बारा लागतात. ती सलग चौदा दिवस टिकली पाहिजेत. मगच ॲप सर्वांसाठी खुले करण्याचा अर्ज करता येतो.

पैशाने मिळणारी हत्यारे फुकट मिळाली, आणि फुकट मिळणारी माणसे जमवताना आमची दमछाक झाली! आई, मी, सौ., सौ.च्या भिशीतल्या तिघी, माझे पदार्थविज्ञानाचे सहकारी, भाचीच्या चार मैत्रिणी, तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि दूध घालणाऱ्या मावशींचा मुलगा, असे तेरा जण जमले. एक जास्त घेतला होता हे बरे झाले. कारण नवव्या दिवशी माझ्या सहकाऱ्यांनी "फोन भरला" म्हणून नाव काढून घेतले.

दहाव्या दिवशी पोस्टमास्तर जिना चढून आले. हातात फोन, कपाळाला आठी. "सर, उभा शब्द सातवा," ते म्हणाले. "सूचना आहे, 'डोंगरांमधील खोलगट जागा, अनेकवचनी, दोन अक्षरी'. मी 'दऱ्या' लिहिलं तर चूक म्हणतंय. शेवटी 'दर्या' लिहून पाहिलं, तर बरोबर! दर्या म्हणजे समुद्र ना हो?"

मी यादी काढून पाहिली. 'दर्या' मीच टाइप केला होता. वर्गात दरवर्षी आचार्य आणि आचारी यांचा दाखला देऊन मी सांगतो, की रफार देऊन 'आचार्यांना' लिहिलेत तर गुरुजी जेवायला येतील आणि अर्धा र देऊन 'आचाऱ्यांना' लिहिलेत तर स्वयंपाकी. आणि माझ्याच हातून डोंगरात समुद्र घुसला होता. साठ शब्दांच्या चाचणीला हे कळले नाही, कारण दोन्ही शब्दांना घरे दोनच. स्कॅनरला कळले नाही, कारण अक्षर ठळक होते. यांत्रिक सहायकाला कळले नाही, कारण त्याला कोणी विचारले नाही. ज्यांनी चाळीस वर्षे पत्त्यांवरचे बारीक अक्षर लावले, त्या माणसाला कळले. बारा माणसांची अट मला जाचक वाटली होती; त्या दिवसापासून मी तिच्याविषयी वाईट बोललेलो नाही.

ही हकीकत वाचून एखाद्या घरातली मुले हट्ट धरतील, म्हणून त्यांच्या आईवडिलांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. शिकायला क्लासच हवा असे नाही. 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा पहिल्यापासूनचा अभ्यासक्रम गुगलनेच फुकट ठेवला आहे. संगणकाची स्मृती मात्र आठ जीबीहून कमी नको. बहुरूपी फोन चालवायचा तर सोळा बरी. तेवढी नसेल तर घरातला जुना फोन तारेने जोडून त्याच्यावरच तालीम घेता येते, आणि माझ्या मते तीच खरी तालीम. आमची पाच घरे जुन्या फोननेच दाखवली. पहिल्या दिवसापासून गिटची वही ठेवायला लावा. आणि पहिले ॲप जगासाठी करू देऊ नका. घरातल्या एका माणसासाठी करू द्या, म्हणजे चूक झाली की ओरडणारे कोणी जवळ असेल.

चौदा दिवस पुरे झाले. काही काळाने परवानगी मिळाली आणि ॲप दुकानात लागले. ते फुकट आहे आणि त्यात जाहिरात नाही. अक्षरांची घरे पाडणाऱ्या त्या वीस ओळी भाचीने वेगळ्या काढल्या आणि खुल्या परवान्यावर सर्वांसाठी ठेवल्या. ज्याला मराठी कोडे, भेंड्यांचा खेळ किंवा वृत्त ओळखणारे साधन करायचे असेल त्याने त्या उचलाव्यात. त्या ओळींच्या माथ्यावर दोन नावे आहेत. त्यांत एक माझे आहे, हे मी कॉलेजात अजून कोणाला सांगितलेले नाही. आता हा अंक वाचून कळेल.

परवाच्या खंडेनवमीला पुन्हा पाट मांडला. या वेळी भाचीने लॅपटॉप आणला तो झाकण उघडून. पडद्यावर नावांची एक लांब यादी होती. खुल्या परवान्यावर घेतलेल्या हत्यारांच्या धन्यांची नावे ॲपच्या एका पानावर द्यावी लागतात, ते ते पान. आईने विचारले, "हे कोण सगळे?"

"आजी, माझी हत्यारं यांनी दिलीत."

"ओळखीचे आहेत?"

"नाही. एकही नाही."

आई क्षणभर गप्प राहिली. मग तिने परडीतले एक झेंडूचे फूल चाचपून काढले आणि म्हणाली, "हे त्यांच्यासमोर ठेव. कळांवर कुंकू सांडू नकोस." फूल ठेवून झाले, आरती झाली. मी दाढीला बसलो आणि पाच मिनिटांनी हाक आली, "अरे, चार अक्षरी, पहिलं 'वि', ज्याला उपकाराची आठवण नाही असा नव्हे, उलटा अर्थ आहे. नम्र, शिकलेला!"

साबणाच्या फेसातून मी ओरडलो, "विनयशील!"

"ती पाच झाली," आई म्हणाली. "मोजायला शीक."